विंडसरचे ख्रिसमस झाड: एका घराचा रिवाज आणि एक छापील चित्र

१/ डिसेंबर १८४८. लंडनच्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या सचित्र साप्ताहिकाच्या ख्रिसमस पुरवणीत एक चित्र छापून आले. टेबलावर मेणबत्त्यांनी उजळलेले एक झाड आणि त्याभोवती जमलेले कुटुंब. आई म्हणजे राणी व्हिक्टोरिया, वडील म्हणजे प्रिन्स अल्बर्ट आणि घर म्हणजे विंडसर कॅसल. आज ख्रिसमस म्हटले की जे झाड डोळ्यांसमोर उभे राहते, त्याच्या प्रसारात या एका चित्राचा वाटा फार मोठा आहे. हा धागा त्या झाडाचा आणि त्या चित्राचा.

२/ ख्रिसमसचे झाड इंग्लंडमध्ये प्रिन्स अल्बर्टने आणले, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. अल्बर्टचा जन्म १८१९ चा. त्याच्या १९ वर्षे आधी, १८०० साली, विंडसरमध्येच एका राणीने झाड सजवले होते. तेही जर्मनीतून आलेल्या राणीने, तेही मेणबत्त्या लावून, मुलांसाठीच. मग ती प्रथा तेव्हाच का पसरली नाही आणि अल्बर्टच्या काळात का पसरली? खरा प्रश्न हा आहे.

३/ प्रथेचे मूळ जर्मन भाषक प्रदेशात आहे. आल्सास प्रांतातील सेलेस्टा गावाच्या १५२१ च्या हिशेबात नाताळासाठीच्या झाडांवर पहारा ठेवणाऱ्या वनरक्षकांना पैसे दिल्याची नोंद सापडते. १६०५ च्या सुमाराची स्ट्रासबुर्गची एक नोंद अधिक बोलकी आहे. तेथील लोक घरात फरचे झाड उभे करतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ टांगतात, असे त्यात म्हटले आहे. मेणबत्त्यांचा उल्लेख मात्र नाही.

४/ सफरचंदांचे कारण धार्मिक असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. २४ डिसेंबर हा आदम आणि ईव्ह यांचा दिवस मानला जाई आणि त्या दिवशीच्या धार्मिक नाटकात नंदनवनातील वृक्ष म्हणून सफरचंदे लावलेले सदाहरित झाड उभे केले जाई. नाटके मागे पडली. झाड रंगमंचावरून घरात आले, असा हा तर्क आहे.

५/ मेणबत्त्यांची एक महत्त्वाची साक्ष १७०८ च्या एका पत्रात मिळते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची भावजय एलिझाबेथ शार्लोट ही मूळची जर्मन. आपल्या मुलीला लिहिताना तिने बालपणीच्या नाताळाचे वर्णन केले आहे. प्रत्येक मुलासाठी वेगळे टेबल मांडलेले असे, त्यावर भेटवस्तू असत, टेबलावर बॉक्स जातीचे छोटे झाड ठेवलेले असे आणि त्याच्या प्रत्येक फांदीला मेणबत्ती लावलेली असे. 'प्रत्येकाला वेगळे टेबल' हा तपशील लक्षात ठेवावा. विंडसरमध्ये तो पुन्हा भेटणार आहे.

६/ १७६१ साली मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झ या छोट्या जर्मन संस्थानाची १७ वर्षांची राजकन्या शार्लोट विवाह करून इंग्लंडला आली आणि तिसऱ्या जॉर्जची राणी झाली. तिच्या माहेरी फरचे पूर्ण झाड नव्हे, तर यू या सदाहरित वृक्षाची एक मोठी फांदी सजवण्याची रीत होती. ती रीत तिने सासरी राजघराण्यात चालू ठेवली. अनेक वर्षे हा घरातल्या घरात होणारा सोहळा होता.

७/ १८०० च्या नाताळात तिने फांदीऐवजी अख्खे झाड उभे केले. विंडसरच्या क्वीन्स लॉजमधील दालनाच्या मध्यभागी एक प्रचंड मोठे पिंप ठेवून त्यात यू वृक्ष रोवला होता. फांद्यांना मिठाईचे घोस, कागदात बांधलेले बदाम व बेदाणे, फळे आणि खेळणी टांगली होती आणि लहान मेणबत्त्यांनी ते सारे उजळले होते. मुलांनी झाडाभोवती फिरून ते पाहिले. मग प्रत्येकाला झाडावरचा खाऊ आणि एक खेळणे मिळाले.

८/ त्याच दिवसाचा आणखी एक तपशील आहे. दिवसा ६० गरीब कुटुंबांना पोटभर जेवण देण्यात आले. संध्याकाळी झाडाभोवती बोलावली गेली ती मात्र परिसरातील प्रतिष्ठित घराण्यांची मुले. गरिबांना अन्न आणि प्रतिष्ठितांना झाड, अशी ही सरळ विभागणी होती. १८१८ साली शार्लोट मरण पावली. त्यानंतरही काही सरदार घराण्यांत आणि मँचेस्टरसारख्या शहरांत स्थायिक झालेल्या जर्मन व्यापाऱ्यांच्या घरी झाडे सजत राहिली. बहुसंख्य इंग्रज घरांत मात्र होली, आयव्ही आणि मिसलटो यांच्या डहाळ्यांचीच आरास होती.

९/ शार्लोटची नात व्हिक्टोरिया हिलाही झाड नवे नव्हते. १८३२ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, तिने आपल्या रोजनिशीत केन्सिंग्टन राजवाड्यातील नाताळाची नोंद केली आहे. दोन मोठी गोल टेबले, त्यांवर दिव्यांनी आणि साखरेच्या शोभेच्या पदार्थांनी सजवलेली झाडे आणि झाडांभोवती मांडलेल्या भेटवस्तू. तिची आई जर्मनीतील कोबुर्ग घराण्याची होती. अल्बर्ट हा त्या आईच्या भावाचा मुलगा. म्हणजे पुढे विंडसरमध्ये जे झाड सजले, ते नवरा-बायको दोघांच्याही बालपणात होते.

१०/ तरीही अल्बर्टसाठी झाडाचे मोल वेगळे होते. तो ५ वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, त्याची आई घर सोडून गेली. १८३१ मध्ये ती वारली. एका वर्षाने मोठा भाऊ अर्न्स्ट आणि कोबुर्गजवळचे रोझेनाऊचे घर एवढेच त्याच्या बालपणाचे सुख होते. १८४० च्या फेब्रुवारीत विवाह करून तो इंग्लंडमध्ये आला. येथील अनेकांच्या दृष्टीने तो राणीचा परदेशी नवरा होता, त्याहून अधिक काही नव्हे.

११/ १८४१ च्या डिसेंबरात पहिली मुलगी जेमतेम वर्षाची होती आणि मुलगा काही आठवड्यांचा. त्या वेळी वडिलांना लिहिलेल्या पत्रात अल्बर्टने सांगितले आहे की, आता भेटी द्यायला आपली स्वतःची दोन मुले आहेत आणि का ते न कळताच ती जर्मन झाडाकडे व त्याच्या दिव्यांकडे आनंदाने, नवलाने पाहत आहेत. पुढे एकदा त्याने असेही लिहिले की, आपण आणि भाऊ जसे होतो त्याचा प्रतिध्वनी आता मुलांत शोधायचा. विंडसरच्या झाडामागे राजकीय हेतू असेल-नसेल. घरापासून दूर असलेल्या माणसाची ओढ मात्र निश्चित होती.

१२/ विंडसरमधील रीत ठरलेली होती. भेटी द्यायच्या त्या २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, जर्मन पद्धतीने. २५ तारखेच्या सकाळी नव्हे. कुटुंबातील प्रत्येकासाठी स्वतंत्र टेबल आणि टेबलावर झाड. एलिझाबेथ शार्लोटच्या पत्रातील मांडणी ती हीच. जेम्स रॉबर्ट्स या चित्रकाराने १८५० साली काढलेल्या जलरंगचित्रांत ही टेबले दिसतात. झाडाच्या बुंध्याशी चित्रे, पुतळे, कापड, दागिने असे सारे खुले मांडलेले आहे. भेटी कागदात गुंडाळलेल्या नाहीत. मांडणी हाच शोभेचा भाग आहे.

१३/ आता १८४८ च्या त्या झाडाकडे वळू. साप्ताहिकातील मजकुराने त्याचे काटेकोर वर्णन केले आहे. सुमारे ८ फूट उंचीचे कोवळे फरचे झाड, फांद्यांचे ६ थर आणि प्रत्येक थरावर डझनभर मेणबत्त्या. म्हणजे एकूण ७२. फांद्यांना छोटी तबके, परड्या आणि मिठाईच्या डब्या. सोनेरी मुलामा दिलेले जिंजरब्रेड, खाऊ भरलेली अंडी, रंगीबेरंगी फितींनी टांगलेले केक. खाली पांढऱ्या डमास्क कापडाने आच्छादलेले टेबल. शेंड्यावर पंख पसरलेली देवदूताची छोटी मूर्ती, तिच्या दोन्ही हातांत पुष्पचक्रे.

१४/ या यादीत काचेचा एकही गोळा नाही. सजावट प्रामुख्याने खाण्याच्या वस्तूंची आहे. ती बनवायची म्हणजे पीठ मळण्यापासून वर्ख लावण्यापर्यंतचे कष्ट आले आणि ते राजवाड्याच्या स्वयंपाकघरातील व मिठाई विभागातील माणसांचे होते. शिवाय ७२ उघड्या ज्योती आणि राळ भरलेल्या फांद्या यांचा संयोग धोक्याचा. म्हणून त्या काळात झाडावरील मेणबत्त्या थोडाच वेळ लावत आणि कोणीतरी पाण्याची बादली व काठीला बांधलेला ओला स्पंज घेऊन जवळ उभे राही. साप्ताहिकातील चित्रात मात्र ना आचारी आहेत, ना बादली. चित्रात फक्त कुटुंब आहे.

१५/ कुटुंबाच्या खासगी दालनांतील आरास याहून भव्य असे. १८६० च्या नाताळात विंडसरमध्ये असलेल्या लॉर्ड टॉरिंग्टन यांनी 'द टाइम्स'चे संपादक जॉन डिलेन यांना पाठवलेल्या पत्रात तिचे वर्णन आहे. राणीच्या तीन खासगी दालनांतील झुंबरे उतरवून त्यांच्या जागी छतालाच प्रचंड झाडे टांगली होती. त्यांवर मिठाई आणि रंगीत मेणबत्त्या होत्या. काही झाडांवर बर्फ पडल्याचा आभास निर्माण केला होता. टॉरिंग्टन यांना सर्वांत भावले ते हे की, त्या संध्याकाळी राजघराणे आपला दरबारी थाट बाजूला ठेवून सामान्य माणसांसारखे वागत होते.

१६/ छताला टांगलेली झाडे कोणत्याही साध्या घराला परवडणारी नव्हती. पण वाचकांपुढे गेले ते टेबलावरचे ८ फुटी झाड. येथे मूळ प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. शार्लोटचे झाड पाहिले ते त्या संध्याकाळी आमंत्रित असलेल्यांनी. व्हिक्टोरिया व अल्बर्ट यांचे झाड पाहिले ते साप्ताहिक विकत घेणाऱ्या प्रत्येकाने. १८०० मध्ये असे चित्रमय साप्ताहिक अस्तित्वातच नव्हते. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' १८४२ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच अंकाच्या सुमारे २६,००० प्रती खपल्या.

१७/ अशी चित्रे छापण्याची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. बॉक्सच्या कठीण लाकडाचे छोटे ठोकळे एकमेकांना जोडून मोठा ठसा तयार करत. त्यावर चित्र रेखाटले की ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांकडे कोरायला देत आणि कोरून झाल्यावर पुन्हा जोडत. त्यामुळे मोठे चित्रही थोड्या अवधीत तयार होई. लाकडी ठसा अक्षरांच्या खिळ्यांसोबत एकाच वेळी छापता येत असल्याने चित्र आणि मजकूर एकाच पानावर येत. वाफेवर चालणारी छपाईयंत्रे आणि रेल्वे यांनी तो अंक गावोगावी पोहोचवला.

१८/ वर्षही विसरून चालणार नाही. १८४८ हे युरोपातील क्रांत्यांचे वर्ष. फेब्रुवारीत फ्रान्सचा राजा लुई फिलिप पदच्युत होऊन इंग्लंडच्या आश्रयाला आला. जर्मन संस्थाने, व्हिएन्ना, इटली येथे उठाव झाले. १० एप्रिलला लंडनच्या केनिंग्टन कॉमनवर मताधिकाराची मागणी करणाऱ्या चार्टिस्टांची प्रचंड सभा झाली; तिच्या दोन दिवस आधीच राजकुटुंबाला आइल ऑफ वाइटवरील ऑस्बोर्न येथे हलवण्यात आले होते. वर्ष सुरू असताना सिंहासने डळमळत होती आणि वर्ष संपताना वाचकांच्या हाती आले ते सिंहासनाविना राणीचे चित्र.

१९/ ते चित्र कोणी हेतुपूर्वक प्रचारासाठी काढवून घेतले, असा निष्कर्ष काढण्याची गरज नाही. त्याचा परिणाम पाहणे पुरेसे आहे. राणी त्यात राज्यकर्ती म्हणून नव्हे, आई म्हणून उभी आहे. वाढत्या मध्यमवर्गाला हवे होते ते नेमके हेच: आपल्यासारखे घर, पण आदर्श. राजमुकुट कोणाला विकत घेता येत नाही. पण एक झाड, काही मेणबत्त्या आणि घरी केलेला खाऊ एवढ्यात विंडसरशी नाते जोडता येत होते.

२०/ प्रथा रुजली तरी तिच्यावरचा परकेपणाचा शिक्का लगेच पुसला गेला नाही. १८५० च्या डिसेंबरात चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात ख्रिसमसच्या झाडावर लेख लिहिला. त्यातही झाडाची ओळख जर्मन वस्तू अशीच करून दिलेली आहे. म्हणजे आज जिला 'अस्सल व्हिक्टोरियन' म्हटले जाते ती प्रथा खुद्द व्हिक्टोरियन वाचकांना बाहेरून आलेली म्हणूनच ठाऊक होती.

२१/ शिक्का पुसण्याचे काम अमेरिकेत फार स्पष्टपणे झाले. फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने १८५० मध्ये तेच चित्र छापले, पण बदल करून. राणीच्या मस्तकावरील मुकुटवजा आभूषण गेले. अल्बर्टच्या मिशा आणि राजचिन्हे असलेला पट्टा गेला. शीर्षकातून विंडसरही गेले. उरले ते एक अनाम, सुखवस्तू अमेरिकन कुटुंब. १८६० मध्ये हे चित्र पुन्हा छापण्यात आले. अमेरिकेतील जर्मन स्थलांतरितांच्या घरी झाडे आधीपासून होती. परंतु इतर अमेरिकन घरांना ती आपली वाटू लागली, यात या चित्राचा मोठा हात होता.

२२/ एका चित्राच्या दोन आवृत्त्यांतून परंपरेची घडण उलगडते. पहिल्या आवृत्तीत राजघराणे घरगुती झाले. दुसऱ्या आवृत्तीत घर राहिले आणि राजघराणे नाहीसे झाले. प्रथा जितक्या दूर गेली, तितके तिच्या जन्माचे तपशील गळत गेले. शार्लोटचा यू वृक्ष, कोबुर्गचे दुरावलेले बालपण, विंडसरचा मिठाई विभाग यांपैकी काहीही पुढच्या पिढीच्या झाडावर दिसत नव्हते. ज्याला आज अनादी काळापासूनचे मानले जाते, ते बहुधा असेच विसरण्यातून तयार झालेले असते.

२३/ मागणी वाढली तशी सजावट बदलली. कोबुर्गपासून फार दूर नसलेल्या थुरिंगिया प्रदेशातील लाउशा हे गाव काच फुंकणाऱ्या कारागिरांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील घरगुती कारखान्यांत पोकळ काचेचे गोळे तयार होऊ लागले. पुरुष काच फुंकत. बायका-मुले गोळ्यांना आतून चंदेरी लेप देत आणि बाहेरून रंगवत. १८८० च्या सुमारास अमेरिकन व्यापारी एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांनी हे गोळे आपल्या दुकानांत विकायला आणले आणि खाऊची जागा काचेने घेतली. १८८२ मध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या घरी ८० विजेचे दिवे झाडावर लावले; पुढे ओला स्पंजही कालबाह्य झाला.

२४/ विंडसरची कथा मात्र आनंदात संपत नाही. छताला टांगलेल्या झाडांचा तो १८६० चा नाताळ अल्बर्टचा अखेरचा ठरला. १४ डिसेंबर १८६१ रोजी, नाताळाला अवघे अकरा दिवस असताना, वयाच्या ४२ व्या वर्षी त्याचा विंडसर कॅसलमध्येच मृत्यू झाला. व्हिक्टोरियाने उरलेली ४० वर्षे शोकवस्त्रांत काढली आणि त्यानंतरचे बहुतेक नाताळ विंडसरऐवजी ऑस्बोर्न येथे घालवले. ज्या घराने ही प्रथा जगापुढे नेली, त्या घरातील उत्सव थांबला. तोवर झाड लाखो घरांचे झाले होते.

२५/ १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी परस्परांविरुद्ध युद्धात उतरले. इंग्लंडमध्ये जर्मन दुकानांवर हल्ले झाले, जर्मन आडनावे बदलली गेली. १७ जुलै १९१७ रोजी पाचव्या जॉर्जने आपल्या घराण्याचे सॅक्स-कोबुर्ग-गोथा हे नाव टाकून दिले आणि नवे नाव घेतले: विंडसर. हे नाव कोणा पूर्वजाचे नव्हते. ते याच कॅसलचे होते. अल्बर्टकडून आलेले नाव गेले. अल्बर्टच्या घरचे झाड मात्र टिकले, कारण एव्हाना ते इंग्रज घरांचे झाले होते.

२६/ आज दर डिसेंबरला विंडसर कॅसलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये सुमारे २० फूट उंचीचे नॉर्डमन फर उभे केले जाते. ते शेजारच्याच विंडसर ग्रेट पार्कमधून येते आणि तिकीट काढून येणारा कोणीही ते पाहू शकतो. १८०० साली ज्या गरीब कुटुंबांना केवळ जेवण मिळाले, त्यांच्या वंशजांनाही.

२७/ एक खूण अजून शिल्लक आहे. ब्रिटनमधील बहुतेक घरांत भेटवस्तू २५ डिसेंबरला सकाळी उघडल्या जातात. राजघराण्यात त्या २४ तारखेच्या संध्याकाळी उघडण्याची रीत चालत आलेली आहे. नाव बदलले, घर बदलले, मेणबत्त्या जाऊन वीज आली. घड्याळ मात्र कोबुर्गचेच राहिले.

(धागा समाप्त)